उताऱ्यावर उतार लिहिलेला नसतो

गोव्यातल्या फोंडा तालुक्यात बांधकामांची आखणी आणि देखरेख करण्यात नोकरीची वर्षे घालवलेल्या माझ्यासारख्या माणसाला निवृत्तीनंतर लग्नाच्या पंगतीतही हमखास एक प्रश्न विचारला जातो. “काका, दरड कोसळू शकेल अशा उतारावर घर बांधायला परवानगी द्यावी की नाही? तुमच्या हातात असते तर तुम्ही काय केले असते?” केरळमधल्या वायनाडच्या दरड-दुर्घटनेनंतर हा प्रश्न फारच वाढला. विचारणाऱ्यांपैकी काहींना सरसकट बंदी हवी असते, आणि उरलेल्यांनी सत्तरी किंवा धारबांदोडा तालुक्यात डोंगरउतारावर एखादा प्लॉट आधीच पाहून ठेवलेला असतो. म्हणून त्याचे उत्तर इथे सविस्तर लिहितो. माझ्या मते हा निर्णय एकेका प्लॉटपुरता घेताच येत नाही. माथ्यापासून पायथ्याच्या ओहळापर्यंतचा सगळा उतार एकत्र पाहूनच तो घ्यावा लागतो, आणि तसा पाहिला तर बऱ्याच ठिकाणी उत्तर ‘नाही’ असेच येईल.

गोव्यातली टेकडी वरून दिसते तशी आतून नसते. बऱ्याच ठिकाणी माथ्यावर सड्याचा कठीण जांभा असतो, त्याखाली बोटांत चोळली तर साबणासारखी गुळगुळीत लागणारी शेडी माती, आणि तिच्याही खाली मूळ खडक. जांभ्याच्या भेगांतून पावसाचे पाणी सहज खाली उतरते, शेडीपाशी मात्र ते अडते आणि दोन थरांच्या सांध्यावरून वाट काढत उताराच्या कुशीतून बाहेर पडते. आपल्या कुळागरांना, म्हणजे माड-पोफळीच्या बागांना, पाणी पाजणाऱ्या कित्येक झरी याच सांध्यावर आहेत. म्हणजे ज्या पाण्यावर ही झाडे जगतात, तेच पाणी उतारातला सर्वांत दुबळा थर ओला ठेवत असते.

जांभ्याचे चिरे काढतात त्या चिरेखाणीची उभी भिंत वर्षानुवर्षे जागची हलत नाही हे आपण सर्वांनी पाहिलेले आहे, आणि घोटाळा तिथेच सुरू होतो. जेसीबी चालवणाऱ्यापासून घरमालकापर्यंत सर्वांना वाटते की आपली जमीन उभी कापली तरी चालते. जांभ्याबाबत हे पुष्कळसे खरे आहे, पण शेडीबाबत अजिबात नाही. मे महिन्यात शेडीचा उभा कापही ताठ उभा असतो, कारण अर्धवट कोरड्या मातीचे कण एकमेकांना धरून असतात. आर्द्रा-पुनर्वसूच्या पावसात पाणी आत भरले की ती पकड सुटते, मातीचे वजन वाढते, आणि मे महिन्यात पाहून दिलेला शेरा जुलैत खोटा ठरतो. म्हणून जागा पाहायला मला बोलावणाऱ्यांना मी पावसाळ्यातच बोलवा म्हणून सांगतो, आणि त्यांतले बरेचसे मग बोलावतच नाहीत.

थोडा हिशेब करू. गोव्याच्या जमीनवापराच्या ‘प्रादेशिक आराखडा २०२१’ मध्ये २५ टक्क्यांहून तीव्र उतार विकासासाठी वर्ज्य मानले आहेत. पंचवीस टक्के म्हणजे पंचवीस अंश, असे शिकलेली माणसेही समजतात. प्रत्यक्षात आडव्या चार मीटरांत एक मीटर चढ म्हणजे २५ टक्के, आणि अंशांत तो सुमारे १४ भरतो. डोळ्यांना तो मुळीच भयंकर दिसत नाही, दुपारी जेवून सहज चढून जाता येईल इतपतच वाटतो. पण अशा उतारावर घर, पुढचे अंगण आणि गाडी वळवायची जागा मिळून वीस मीटर सपाटी केवळ कापून काढायची ठरवली, तर मागे पाच मीटर उंच काप उभा राहतो. तोच प्लॉट टप्प्याटप्प्याने वापरला, घर दोन पातळ्यांवर ठेवले, तर काप निम्म्याहून कमी होऊ शकतो. धोका केवळ उतारात नसतो, सपाटीच्या हौसेतही असतो. त्यात प्रत्येक घराचा शोषखड्डा बारा महिने त्याच मातीत पाणी सोडतो, हे नकाशा मंजूर करताना कोणी मोजत नाही. (हल्ली उतारावरच्या व्हिलांना पोहण्याचे तलावही लागतात. त्यांतून पाणी गळू लागले तर ते कुठे जाते, याची चौकशी कोणी करत नाही.)

आता माझी स्वतःची चूक सांगतो. बारा-तेरा वर्षांपूर्वी एका घराच्या मागच्या संरक्षक भिंतीचे काम माझ्या देखरेखीखाली झाले. काप सुमारे चार मीटरांचा होता. पाणी निघण्यासाठी आराखड्यात अकरा नळ्या दाखवल्या होत्या, भिंतीत अकरा नळ्या दिसल्या, मी त्या मोजल्या आणि सही केली. भिंतीमागे दगडगोट्यांचा थर भरला आहे की नाही, हे मी भराव घालण्याच्या दिवशी जाऊन पाहिले नव्हते. तो भरलेला नव्हता, नळ्यांची तोंडे थेट शेडीला भिडली होती. दुसऱ्या पावसाळ्यात एकाही नळीतून थेंब आला नाही, आणि जुलैच्या शेवटी भिंतीला पोट सुटले.

मला बोलावणे आले ते मात्र भिंतीच्या मालकाकडून नव्हते. काप होता त्याच्या वरच्या अंगाला एक जुने मुंडकाराचे, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीवर पिढ्यान्‌पिढ्या राहत आलेल्या कुटुंबाचे, घर होते आणि तिथे एक आजी राहायच्या. त्यांच्या अंगणात तुळशीवृंदावनाच्या बाजूने एक भेग गेली होती. आजींनी ती शेणाने तीनदा सारवून घेतली होती आणि तीनदा ती पुन्हा उघडली होती. मी गेलो तेव्हा त्या भेगेत माझी चार बोटे आडवी राहत होती. आजी रागावल्या नाहीत, त्यांनी एवढेच विचारले की खालचे काम सुरू होण्याआधी कोणी वर का आले नाही. खालच्या घराच्या फाइलमध्ये सर्व कागद होते: एक-चौदाचा उतारा (जमिनीच्या हक्काचा, सातबारासारखा), जमीन बांधकामासाठी बदलून घेतल्याची म्हणजे रूपांतराची सनद, नगरनियोजनचा तांत्रिक परवाना, पंचायतीचा बांधकाम परवाना. त्या फाइलमध्ये आजींचे घर मात्र कुठेच नव्हते, कारण ते दुसऱ्या सर्वे नंबरात होते. उताऱ्यावर उतार लिहिलेला नसतो, आणि वरच्या-खालच्या शेजाऱ्याचे घरही नसते.

गोवा नगर व ग्राम नियोजन कायदा १९७४ चा आहे. त्यातले कलम १७अ सांगते की मुख्य नगरनियोजकांच्या परवानगीवाचून डोंगर कापता येणार नाही आणि सखल जमीन भरता येणार नाही. कलम चांगले आहे, पण अर्ज येतो तो एका प्लॉटचा. २०२३ मध्ये कलम १७(२) आणून खासगी जमिनींच्या झोनमध्ये सुटी सुटी दुरुस्ती करण्याची वाट उघडली गेली, तेव्हा हीच प्लॉटवारी पद्धत थेट आराखड्यात शिरली. त्याखालील नियम मुंबई उच्च न्यायालयाच्या गोव्यातील खंडपीठाने मार्च २०२५ मध्ये रद्द केले. दुसरीकडे, पश्चिम घाटातल्या पर्यावरण-संवेदनक्षेत्राचा जो मसुदा केंद्राने ३१ जुलै २०२४ रोजी काढला, त्यात गोव्याचे १,४६१ चौरस किलोमीटर आहेत, आणि त्यामुळे घरे बंद होणार अशी भीती गावोगाव घातली जाते. तो मसुदा नवी बांधकामे रोखतो ती २० हजार चौरस मीटर व त्याहून मोठी. आजींच्या अंगणाला ज्या कापाने भेग पाडली, तसा काप त्या मसुद्याच्या हिशेबातही येत नाही.

मग नकाशे करून धोक्याची गावे ठरवा, असे कोणी सुचवतो. नकाशे हवेतच. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने दरडप्रवणतेचे राष्ट्रीय नकाशे १:५०,००० या प्रमाणावर केले आहेत. त्यांवरचा एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचे पाचशे मीटर, त्यामुळे तीनशे चौरस मीटरांचा प्लॉट तिथे पेन्सिलीच्या टोकाएवढाही भरत नाही. रायगड जिल्ह्यातली इर्शाळवाडी १९ जुलै २०२३ च्या रात्री गाडली गेली, आणि दरडप्रवण गावांच्या यादीत तिचे नाव नव्हते. वायनाडमध्ये ३० जुलै २०२४ रोजी दरड सुटली ती समुद्रसपाटीपासून सुमारे १५५० मीटर उंचीवर, आणि तिचा चिखल-दगडांचा लोट नदीच्या पात्राने सुमारे आठ किलोमीटर खाली आला. खालच्या चुरलमला गावातली जी घरे गेली, त्यांतली कित्येक नदीकाठच्या सपाट जागेत होती. त्यांच्या प्लॉटचा उतार मोजला असता तर परवानगी बिनतक्रार मिळाली असती.

बंदीवाल्यांना मी हाँगकाँगचे उदाहरण देतो. तिथे १८ जून १९७२ या एकाच दिवशी दोन दरडींनी शंभराहून अधिक माणसे मारली. पुन्हा १९७६ मध्ये तसेच घडल्यावर १९७७ साली केवळ उतारांसाठी वेगळे सरकारी कार्यालय उभे राहिले. आज तिथल्या माणसाने घडवलेल्या सुमारे साठ हजार कापांची आणि भरावांची नोंद आहे, प्रत्येकाला क्रमांक आहे आणि त्याची देखभाल कोणी करायची हे ठरलेले आहे. डोंगरावर घरे आहेतच, पण कापाला धनी आहे. आपल्याकडे घराला नंबर असतो, घरपट्टी असते, आणि घरामागचा काप मात्र कोणाचाच नसतो.

माझ्या हातात असते तर झरीच्या वरच्या कुशीत, ओहळाच्या तोंडाशी आणि २५ टक्क्यांपुढच्या उतारावर नव्या घराला मी परवानगी दिली नसती, मागणारा बिल्डर असो की माझा सख्खा भाचा. त्याहून सौम्य उतारावर दिली असती, पण वरच्या आणि खालच्या घरांना आधी कळवून, आणि भिंतीमागचा दगडांचा थर व पाण्याची वाट पाहूनच पुढचा टप्पा चढू देऊन. जुन्या मुंडकारांच्या घरांचा प्रश्न याहून अवघड आहे. त्यांनी जागा निवडली नव्हती, भाटकाराने, म्हणजे जमीनमालकाने, दाखवली तिथे ते राहिले. बंदीचा पहिला फटका त्यांच्या दुरुस्तीच्या अर्जाला बसतो, आणि व्हिलावाला मात्र सल्लागार नेमून मोकळा होतो. त्यांना उठवायचे असेल तर त्याच गावात सपाट जागा द्यावी लागेल. ते जमत नसेल, तर निदान त्यांच्या खाली कोणी कापू नये, एवढे तरी पंचायतीने पाहावे.

ती भिंत पाडून नव्याने बांधली, मागे या वेळी माझ्यासमोर दगडगोटे भरले. खर्च मालकाने केला, थोडा मीही केला. आजी ते दोन महिने लेकीकडे राहिल्या आणि मग परत आल्या. दर आषाढात पाऊस लागला की मी तिथे जाऊन नळ्या पाहतो. गेल्या वर्षी अकरांपैकी दोन कोरड्या होत्या. तारेने खुपसून पाहिले तर एकीत मुंग्यांनी माती भरली होती, दुसरीचे कारण कळले नाही. मालकाला ती मोकळी करून घ्यायला सांगून आलो आहे.