मुकादमाच्या मोबाइलवर गेलेला ओटीपी

मार्चमध्ये ऊसतोडीच्या टोळ्या परतायला लागल्या की बीड जिल्ह्यातल्या आमच्या ग्रामीण रुग्णालयात गरोदर बायांची गर्दी वाढते. त्यात सातवा महिना लागलेली एक बाई आली. माता-बाल संरक्षण कार्डावर रक्तगट लिहिलेला, बी पॉझिटिव्ह. मी लॅब टेक्निशियन. कार्डावर काहीही लिहिलेलं असो, गट इथे पुन्हा तपासतोच. अँटी-बीच्या ट्यूबमध्ये गुठळ्या आल्या, म्हणजे गट बी; अँटी-डीच्या ट्यूबमध्ये आल्या नाहीत, म्हणजे निगेटिव्ह. दुसरा नमुना घेतला, दुसऱ्या बाटलीतलं अँटी-डी वापरलं. पुन्हा बी निगेटिव्ह.

आई निगेटिव्ह आणि बाळ पॉझिटिव्ह असेल तर आईच्या रक्तात बाळाच्या रक्तपेशींविरुद्ध प्रतिपिंडं तयार होऊ शकतात, आणि ती पुढच्या बाळाला भोवतात. म्हणून 28व्या आठवड्यात आणि बाळ पॉझिटिव्ह निघालं तर बाळंतपणानंतर 72 तासांच्या आत अँटी-डीचं इंजेक्शन देतात. तिचं पहिलं बाळंतपण कारखान्याच्या भागातल्या सरकारी रुग्णालयात झालं होतं. तेव्हा इंजेक्शन दिलं का, हे तिला सांगता येईना. आभा नंबर, म्हणजे सरकारी डिजिटल आरोग्य खात्याचा नंबर, मात्र होता.

आभात नोंदी एका जागी गोळा होत नाहीत, जिथे तयार झाल्या तिथेच राहतात. आपण संमतीची विनंती पाठवायची. त्यात कारण, कोणत्या तारखांमधल्या नोंदी हव्यात आणि संमती कधी संपणार हे भरायचं. रुग्णाने ॲपवर मान्यता दिली की नोंद येते. ॲप उघडायला ओटीपी लागतो, आणि तो गेला मुकादमाच्या मोबाइलवर. फडावर आभा कार्ड काढताना कुणीतरी त्याचाच नंबर टाकला होता.

"मंग माझं समदं त्यालाबी दिसतंय का?" तिने विचारलं.

हो म्हणावं लागलं. नंबर ज्याच्या हातात, त्याला ॲप उघडता येतं.

"रक्तात खोट हाये म्हणल्यावर पुढच्या हंगामाला आमचा कोयताच घ्यायचा नाय त्यो. उचल फिटली नाय अजून."

त्याच आठवड्यात आम्हाला आरोग्यनोंदींसाठी ब्लॉकचेन वापरण्यावरचं सादरीकरण दाखवलं होतं. ब्लॉकचेन म्हणजे एकमेकींना जोडलेल्या, मागाहून गुपचूप बदलता न येणाऱ्या नोंदींची साखळी. त्यात मूळ नोंद साखळीत ठेवत नाहीत, तिच्यावरून गणिताने काढलेला ठसा ठेवतात. एसएचए-256 पद्धतीने काढलेला ठसा 64 अक्षरांचा असतो. नोंदीतलं अधिकचं चिन्ह उणे केलं तरी तो पूर्ण बदलतो, त्यामुळे मागाहून केलेली खाडाखोड लगेच पकडली जाते. एस्टोनियात आरोग्यनोंदी जपायला याच जातीचं तंत्र वापरतात. पण बी पॉझिटिव्ह पहिल्यांदाच चुकीचं भरलं गेलं, तर साखळी तेच चुकीचं इमानाने जपणार. डेटा भरणाऱ्या पोरांना हीच धास्ती वाटते, आणि ती रास्त आहे. शिवाय 2023च्या डेटा संरक्षण कायद्यात नोंद दुरुस्त करून घेण्याचा आणि पुसण्याचा हक्क आहे. म्हणून प्रत्यक्ष नोंद साखळीत टाकूच नये, या मताचा मी आहे.

नोंद कोणी, कधी उघडली याची न पुसता येणारी यादी मात्र मला हवी आहे. आमच्या सिस्टरही तीच मागतात. पण मुकादमाने या बाईचं खातं उघडलं असतं, तर त्या यादीत नाव बाईचंच आलं असतं. त्याचं मला फार वाईट वाटलं.

तिच्या आधारला भावाचा नंबर जोडलेला होता आणि भाऊ बाहेर बाकड्यावरच बसला होता. आधारच्या ओटीपीने खातं उघडलं. तिच्या पिशवीत साधा बटणाचा फोन होता. त्याचा नंबर टाकला, त्यावर आलेला दुसरा ओटीपी तिने स्वतः एकेक आकडा वाचून दाखवला. तिच्यासमोरच ॲप उघडून विनंती पुन्हा पाठवली. पंधरा-वीस मिनिटांत डिस्चार्जचा कागद आला. आई बी निगेटिव्ह, बाळ बी पॉझिटिव्ह, इंजेक्शनचा रकाना कोरा.

आईच्या रक्तात ती प्रतिपिंडं आधीच तयार झालीत का हे पाहणाऱ्या इनडायरेक्ट कूम्ब्स तपासणीसाठी नमुना त्याच दिवशी जिल्हा रुग्णालयात गेला. निगेटिव्ह आला, तेव्हा डॉक्टरांनी 300 मायक्रोग्रॅम अँटी-डी दिलं. कार्डावरच्या जुन्या गटावर मी एकच आडवी रेघ मारली, खालचं वाचता येईल अशी. शेजारी लाल शाईने बी निगेटिव्ह लिहून तारीख आणि सही केली. तिने कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत घडी करून ठेवलं आणि नवा नंबर भावाकडून पाठ करून घेत बसली.