तुम्ही विचारलंत म्हणून: आपल्या समुद्रातले न दिसणारे ठिपके

"समुद्रतळाच्या गाळातले छोटे कवचधारी प्राणी जिथे सापडले तिथे ठिपका, अशा जगाच्या नकाशावर युरोपाभोवती ठिपक्यांची गर्दी आणि आपल्या किनाऱ्याजवळ चार-दोनच. म्हणजे उष्ण समुद्राच्या तळाशी हे प्राणी कमीच असणार ना?" हा प्रश्न पुण्यात मला इतक्यांनी विचारलाय की आता एकदाच नीट लिहिते. जोडीला "पण पुण्यात कुठे समुद्र?" हेही असतंच. गाळ बोटीवर चाळून बरणीत भरला की पुढचं सगळं काम टेबलावरचं. ते पुण्यातही होतं.

हे प्राणी म्हणजे जवळा नव्हे. जवळा पाण्यात थव्याने पोहतो. मी बोलतेय ती तळाच्या गाळात, बहुतेक वरच्या दोन-तीन सेंटिमीटरमध्ये राहणाऱ्या, खेकडा-कोळंबीच्या नात्यातल्या कवचधाऱ्यांबद्दल: क्यूमेशियन, टॅनाइड, अँफिपॉड, आयसोपॉड, ऑस्ट्रॅकॉड. बरेचसे तांदळाच्या दाण्याहून लहान.

नकाशावरचा ठिपका म्हणजे कुणीतरी तिथला गाळ काढला, योग्य चाळणीने चाळला, नीट टिकवला आणि ज्याला ओळखता येतं त्याने तो पाहिला. यातली एक पायरी चुकली तरी ठिपका पडत नाही. गाळ मोजून काढायची पद्धत डेन्मार्कच्या पीटरसन यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रुळवली, थंड समुद्रात. तिकडे 1 मिमीची चाळणी बऱ्यापैकी पुरते. उष्ण पाण्यात ऑक्सिजन कमी विरघळतो, आणि अँफिपॉडची कमाल वाढ पाण्यातल्या ऑक्सिजनप्रमाणे ठरते असं शॅपेल आणि पेक यांनी 1999 मध्ये दाखवलं. म्हणजे इकडचे अंगाने लहान, आणि तीच चाळणी इकडे वापरली की तिकडच्यापेक्षा जास्त प्राणी गळणार. चार मिलिमीटर लांबीचा क्यूमेशियन घ्या. पुढे फुगीर कवच, मागे दोऱ्यासारखी शेपटी. रुंदी जेमतेम अर्धा-पाऊण मिलिमीटर. तो आडवा पडला तर अडकतो, उभा झाला की सरळ खाली जातो.

हे मला आधीपासून कळत होतं असं म्हणणं खोटं ठरेल. रत्नागिरीसमोरच्या चिखलाच्या बारा बरण्या माझ्याकडे आल्या होत्या. 0.1 चौरस मीटर तळ उचलणाऱ्या ग्रॅबने (जबड्यासारख्या यंत्राने) काढलेला, बोटीवरच 1 मिमीवर चाळलेला गाळ. मी तो निवडला आणि तक्त्यात लिहिलं: ऑस्ट्रॅकॉड आढळले नाहीत, क्यूमेशियन दोन. ते दोन कसे उरले हेसुद्धा तेव्हा विचारलं नाही. गाळातल्या कृमींच्या नळ्यांच्या गुंत्यात अडकले होते म्हणून उरले. पुढे दुसऱ्याच कामासाठी त्या बरण्या पुन्हा उघडल्या. लिटमस टाकला तर लाल. फॉर्मॅलिनमध्ये आम्लता मारणारा टाकणखार घातलाच नव्हता. फॉर्मॅलिन ठेवून ठेवून आम्ल होतं आणि ऑस्ट्रॅकॉडचं कवच असतं चुन्याचं. गाळात पारदर्शक, सुरकुतलेल्या पिशव्यांसारखं काहीतरी मला पहिल्या वेळीही दिसलं होतं; मी ते सडलेलं कायतरी म्हणून बाजूला सारलं होतं. आता मोठं करून पाहिलं तर त्या पिशव्यांना पाय होते. कवच विरघळून आतलं अंग तेवढं राहिलं होतं. कवचाशिवाय जात ओळखणं अवघड, म्हणून ती बारा ठिकाणं ऑस्ट्रॅकॉडसाठी कायमची हातची गेली.

एक तेरावी बरणी होती, त्याच जागेची, न चाळता अल्कोहोलमध्ये ठेवलेली. ती 0.5 मिमी आणि खाली 0.063 मिमी अशा दोन चाळण्यांवर घेतली. गाळ बादलीत पाण्यात हलक्या हाताने ढवळायचा, दहाएक सेकंद थांबायचं, वरचं पाणी चाळणीवर ओतायचं. असं पाच-सहा वेळा. हलके प्राणी वर येतात. क्यूमेशियनचं अंग पाण्याला चिकटत नाही, ते पृष्ठभागावर तरंगत राहतात आणि बादलीच्या कडेला लागून वाया जातात. म्हणून शेवटी पाण्याची वरची कातडी टिपकागदाने उचलायची. जड कवचाचे ऑस्ट्रॅकॉड वाळूबरोबर तळाशी राहतात, तो तळ चमचा-चमचा करून बघावाच लागतो. त्यातून क्यूमेशियन निघाले, टॅनाइड निघाले, ऑस्ट्रॅकॉड शाबूत निघाले. माझा तक्ता खोटा होता.

तेव्हापासून मी भेटेल त्याला हेच सांगते. एक भाग बाजारातलं फॉर्मॅलिन, नऊ भाग समुद्राचं पाणी आणि तळाशी थोडा न विरघळलेला राहील इतका टाकणखार. डीएनए हवा असेल तर फॉर्मॅलिन नको; 95 टक्के अल्कोहोल घ्यायचं आणि ते दुसऱ्या दिवशी बदलायचं, कारण ओल्या गाळाचं पाणी ते पातळ करतं. रोझ बेंगॉल या रंगाने मांस गुलाबी होतं, म्हणून जिवंतपणी पकडलेला ऑस्ट्रॅकॉड आणि कुठून तरी वाहून आलेलं रिकामं कवच वेगळं काढता येतं. तेही न करता मांडलेले ठिपके असतात, आणि ते उलट्या बाजूने खोटे.

पण सगळा दोष चाळणीवर टाकला तर मी पुन्हा तेच करतेय. काही मोकळ्या जागा खऱ्या आहेत. अरबी समुद्रात साधारण 150 ते 1000 मीटर खोलीच्या पट्ट्यात ऑक्सिजन फार कमी. गाळातले सूत्रकृमी तिथे तग धरतात, कवचधारी बहुतेक नाही. क्यूमेशियन, टॅनाइड, अँफिपॉड, आयसोपॉड पिल्लं पोटाखालच्या पिशवीत वाढवतात. खेकड्यासारख्या त्यांच्या तरंगत्या अळ्या नसतात. एकदा एखादा पट्टा ओस पडला की लांबून भरून यायला वेळ लागतो.

आणि मूळ प्रश्न? समुद्रतळाचे अभ्यासक थोर्सन यांचं 1957 मधलं म्हणणं होतं की मऊ गाळात राहणाऱ्या जाती उष्ण कटिबंधात फारशा वाढत नाहीत, कठीण तळावरच्या वाढतात. सँडर्स यांनी 1968 मध्ये बंगालच्या उपसागरातले नमुनेही घेऊन उथळ उष्ण समुद्रात विविधता जास्त असल्याचं मांडलं, पण ते कृमींवर आणि शिंपल्यांवर. कवचधाऱ्यांना ते कितपत लागू होतं यावर माझं मत दोनदा बदललं आहे. आधीची मी म्हणायची, "नाहीत म्हणजे नाहीत." आताची म्हणते, आहेत. पुरावा म्हणून हाती एक बरणी आहे, आणि एका बरणीवर समुद्र ठरत नाही हे आधीचीचं म्हणणं मला अजून खोडता आलेलं नाही.

त्या बारा जागांपुढे आता मी "1 मिमी चाळणी, आम्ल फॉर्मॅलिन" असं लिहून ठेवलंय. तेराव्या बरणीतल्या, पिशवीत पिल्लं असलेल्या क्यूमेशियन माद्या वेगळ्या कुपीत आहेत. त्यातल्या काहींच्या जातीचं नाव अजून लागलेलं नाही.