वही घेऊन येणाऱ्यांना चहा कशाला?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. सांगलीत ओळखीचे सगळेच मला हे विचारतात: "सर, 'न्यूटन चुकला, आइन्स्टाईन चुकला' म्हणत येणाऱ्यांना घरात घेता कशाला? वर चहा!"

कारण त्यांची शंका खोटी नसते. उत्तर बहुतेकदा खोटं निघतं, ती गोष्ट वेगळी.

मागच्या पावसाळ्यात तासगावकडचे एक द्राक्षबागायतदार आले. पिशवीतून दोनशेपानी वही निघाली. पहिल्याच पानावर लाल शाईत गुरुत्वाकर्षणाबद्दल: 'वस्तू ओढली जात नाही, ढकलली जाते.' म्हणजे काय, तर अवकाशात चहूकडून बारीक कणांचा मारा चालू असतो. खालचा मारा पृथ्वी अडवते, म्हणून वरचा जिंकतो. मी म्हटलं, "काका, हे जिनिव्हाच्या ल साज यांनी अठराव्या शतकातच मांडलंय." त्यांचा चेहराच पडला. उगाच बोललो असं झालं मला.

"मग टिकलं का नाही?"

"एवढा मारा झेलून ग्रह तापले असते. शिवाय समोरून जास्त मार बसून त्यांचा वेगही मंदावला असता."

त्यांनी ते वहीत लिहून घेतलं.

मग मोठमोठ्यांनाही अशाच शंका पडल्यात, हे दाखवायला त्यांना अंगणात नेलं. पेरूच्या फांदीला सुंभानं अर्धी बादली पाणी टांगलं, सुंभाला भरपूर पीळ दिला आणि सोडलं. आधी नुसती बादली गरगरते, पाणी सपाट. हळूहळू पाणीही फिरायला लागतं, कडेनं चढतं, मधोमध खळगा पडतो. तेवढ्यात मी बादली धरली. बादली थांबली, पण पाणी फिरतंच होतं आणि खळगाही तसाच. मग पाणी फिरतंय ते कुणाच्या हिशेबानं? न्यूटन १६८७ साली म्हणाला, निरपेक्ष अवकाशाच्या, म्हणजे कुठल्याही वस्तूवर अवलंबून नसलेल्या, कायम स्थिर अवकाशाच्या. ऑस्ट्रियाचे भौतिकशास्त्रज्ञ माख यांनी १८८३ मध्ये ते उडवून लावलं; त्यांचं म्हणणं, दूरच्या ताऱ्यांच्या. वस्तूचं जडत्व, म्हणजे आहे त्याच गतीत राहण्याचा तिचा हट्ट, तोही त्यांच्यामुळेच. म्हणजे विश्रामबागला एसटीनं ब्रेक मारला की आपण पुढच्या सीटवर आदळतो, त्यातही साऱ्या विश्वाचा हात! शेजारच्या कोल्हापुरात जन्मलेल्या जयंत नारळीकरांनी ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ हॉएल यांच्याबरोबर १९६४ मध्ये हाच धागा पकडला: कणाचं वस्तुमान विश्वातल्या इतर सगळ्या कणांमुळे येतं. तो सिद्धांत सर्वमान्य झाला नाही. पण त्यांनी वेगळी वाट धरली ती गणित हातात घेऊन.

म्हणून जाताना काकांना एक आकडा दिला. बाकीच्या ग्रहांची ओढ हिशेबात धरूनही बुधाची लंबगोल कक्षा, जी स्वतःच सूर्याभोवती हळूहळू वळत जाते, ती शतकाला ४३ विकला जास्त सरकते. एक विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग. न्यूटनच्या नियमात हे बसेना. आइन्स्टाईनच्या समीकरणांतून १९१५ मध्ये ते आपसूक निघालं. "तुमच्या वहीतून काढून दाखवा."

दिवाळीला काका बेदाण्याची पिशवी घेऊन आले. आकडा काही निघाला नव्हता. वही मात्र नवी होती.