नवी विंग, जुना अंगठा

मालवणला ज्यांनी स्कूबा केलंय त्यांना बीसीडी, म्हणजे हवा भरून-सोडून पाण्यात तरंगणं-बुडणं सांभाळायचं जॅकेट, काय असतं हे बहुतेक कळलेलंच नसतं, कारण मागून गाइडने टाकी धरलेली असते, हवा भरणं सोडणं सगळं तोच बघतो, आपण फक्त मासे बघायचे आणि कॅमेऱ्याला हात दाखवायचा. पुढे कोर्स केला की ते जॅकेट आपल्या ताब्यात येतं आणि मग खरी गंमत सुरू होते.

भाड्याची जॅकेटं सगळ्यांना होतील अशी असतात, म्हणजे कोणालाच नीट न होणारी. माझ्यासारख्या बुटक्या बाईने मिडियम घातलं की पाण्यावर जॅकेट कानापर्यंत वर आणि मी खाली लोंबकळतेय असा सीन असतो. म्हणून शेवटी बॅकप्लेट आणि विंग घेतली. पाठीला स्टीलची पाटी, तिच्यातून ओवलेला एकच लांब पट्टा, आणि पाटी आणि टाकीच्या मधे हवेची पिशवी, तीच विंग, संपलं. खिसे नाहीत, गादी नाही. फ्लोरिडात पाण्याखालच्या गुहांमध्ये शिरणाऱ्या लोकांनी हे रूढ केलं, त्यांना कुठे अडकेल असं काही लोंबतं नको होतं, त्यातल्याच विल्यम हॉगार्थ मेनच्या नावावरून पट्ट्याच्या या मांडणीला हॉगार्थियन म्हणतात. मला गुहेबिहेत जायचं नाहीये, मला फक्त मापाचं पाहिजे होतं.

तर तो पट्टा. ५ सेंटीमीटर रुंद, कडक, आणि फटींमधून ओवणं म्हणजे लेंग्याची निघालेली नाडी परत घालायचा प्रकार, फक्त इथे सेफ्टी पिन चालत नाही. घट्ट आवळायचा मोह होतो पण खांद्यावरच्या पट्ट्याखालून तळहात सहज सरकला पाहिजे, नाहीतर बोटीवर हात बाहेर निघत नाही. आणि हे माप वेटसूट घालूनच घ्यायचं, मे महिन्यात, ठाण्यात, पंख्याखाली. मधेच कुरियरवाला आला, तो माझ्याकडे बघून ओटीपी विचारायचाच विसरला.

मग शिशाचा हिशोब, म्हणजे बुडायला कमरेच्या बेल्टवर लावतात त्या वजनांचा. स्टीलची पाटीच दोन-अडीच किलोची, म्हणजे बेल्टवरून जवळपास तेवढं शिसं उतरवायचं. माझं स्पष्ट मत आहे की नवशिक्यांना सगळीकडेच जास्त शिसं लावतात, पटकन बुडावेत म्हणून. पण ४ किलो जादा शिसं म्हणजे ते तोलायला साधारण ४ लिटर जादा हवा, आणि १० मीटरवरची ती ४ लिटर हवा वर येईपर्यंत ८ लिटर होते कारण दाब अर्धा झालेला असतो. म्हणून तर शेवटच्या काही मीटरमध्ये माणसं बुचासारखी वर उडतात आणि दोष मात्र बिचाऱ्या जॅकेटला. वजन बरोबर आहे का ते डाइव्हच्या शेवटी बघायचं, कारण २०० बार दाबाला भरलेल्या ११ लिटरच्या टाकीत अडीच किलोच्या वर हवा असते आणि त्यातली बरीचशी आपण पिऊन टाकलेली असते. ५० बार उरलेत, ५ मीटरवर सेफ्टी स्टॉप म्हणजे वर येण्याआधीचा थांबा, विंग जवळजवळ रिकामी, आणि तरी तीन मिनिटं आहे तिथे राहता आलं तर जमलं.

कर्नाटकात मुरुडेश्वरजवळच्या नेत्राणी बेटाला विंग पहिल्यांदा समुद्रात नेली तेव्हा सगळ्यात जास्त त्रास दिला तो अंगठ्याने. श्वास आत घेतला की लगेच वर जात नाही आपण, दोन-तीन सेकंद जातात, पण अंगठ्याला तेवढा दम कुठे, तो इन्फ्लेटरवर, म्हणजे हवा भरायच्या बटणावर, जाऊन बसलेलाच. दुसरा हात सवयीने उजव्या खांद्यावरची हवा सोडायची दोरी शोधणार, जी आता तिथे नाहीच, ती खाली डाव्या कमरेपाशी आहे आणि ओढताना आडवं राहून कंबर जराशी वर करावी लागते. हे वाचायला सोपंय. वर आल्यावर विंग भसाभस फुगवली तर ती तोंडावर ढकलते ते वेगळंच, थोडीच हवा भरायची आणि मागे रेलायचं.

पण एक मानलं बुवा, पाय खाली जात नाहीत. आधी कमरेवरच्या शिशामुळे माझे फिन्स कायम वाळू उडवायचे आणि मागचा बडी, म्हणजे डाइव्हमधला जोडीदार, वैतागायचा, आता वजन पाठीवर फुफ्फुसांच्या वरच आहे त्यामुळे मस्त आडवी राहते.

तोच बडी आता म्हणतोय एकदा मला घालून बघू दे ना. तो सहा फुटी. म्हणजे पूर्ण पट्टा उसवून परत ओवायचा. अजिबात मिळणार नाही, स्वतःची घे म्हटलं.