फ्रिजमधलं बी आणि राखेतलं बी

बीज परीक्षण प्रयोगशाळेत येणारे बहुतेक नमुने आपले कागद सोबत घेऊन येतात. काही बियाणे निरीक्षकाने सील केलेले असतात, काही प्रमाणीकरणाचे. तिसरा प्रकार म्हणजे सेवा नमुना. कोणीही यावं, शुल्क भरावं आणि आपलं बी तपासून घ्यावं. ही सोय आहे हे शेतकऱ्यांना फारसं ठाऊक नाही, आणि ते ठाऊक व्हावं अशी वरच्यांना घाई असल्याचंही मला कधी दिसलं नाही. म्हणून सप्टेंबरात एक शेतकरीण थेट काउंटरवर येऊन "मॅडम, बी मोजून मिळतं का?" म्हणाली, तेव्हा आमचा लिपिक आधी तिला खत विभागाकडे पाठवायला निघाला होता.

ती वैजापूरकडची, वय तिशीच्या आतबाहेर. पिशवीत खोकल्याच्या औषधाच्या दोन बाटल्या, धुऊन खडखडीत वाळवलेल्या, गळ्यापर्यंत कांद्याच्या बियाने भरलेल्या, बूच घट्ट. मी तिथेच खूश झाले. ओलाव्याचा नमुना हवाबंद आणि काठोकाठ भरलेला यावा म्हणून आम्ही प्रशिक्षणांत घसा कोरडा करतो, आणि तरी कंपन्यांची माणसं कागदी पाकिटात बी घेऊन येतात. एका बाटलीवर पेनाने लिहिलं होतं 'फ्रिज', दुसरीवर 'आत्याबाई'. आत्याबाई म्हणजे सासूबाई.

दोन्हीतलं बी एकाच वावरातलं, एकाच दिवशी मळलेलं. 2020 च्या पावसाळ्यात कांद्याच्या रोपवाटिका सडल्या, बियाण्याचे भाव कडाडले, आणि ऑक्टोबरात केंद्राने कांदा बियाण्याची निर्यातच बंद केली. त्या वर्षी पोळलेल्या बऱ्याच घरांनी हिवाळ्यात स्वतःचे डेंगळे, म्हणजे बी धरायचे कांदे, लावले. हिच्याही घरी एन-2-4-1 या वाणाचे निवडक कांदे लावून 2021 च्या उन्हाळ्यात बियांचे गोंडे काढले. लागलं तेवढं बी पेरलं, उरलेल्याची घरात वाटणी झाली. सुनेने मोबाइलवर बघून आपला वाटा प्लास्टिकच्या डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवला. सासूबाईंनी आपला वाटा आणखी तीन-चार दिवस सकाळच्या उन्हात दिला, जुन्या पत्र्याच्या डब्यात तळाशी गोवऱ्यांच्या चाळलेल्या राखेची पुरचुंडी ठेवली, वर बी, वर पुन्हा राखेची पुरचुंडी, आणि झाकणाच्या कडेने मेणबत्तीचं मेण ओतलं. मग तो डबा धान्याच्या कोठीमागे गेला. आता रब्बीचं रोप टाकायचं होतं आणि घरात वाद होता, कोणतं बी वापरायचं.

"पाण्यात टाकून बघितलं," ती म्हणाली. "दोन्ही बुडालं."

बुडणारच. पाण्यात बुडतं ते पोटात भरलेलं बी, जिवंत असेलच असं नाही. पोचट बी निवडायला ती युक्ती ठीक आहे, पण मेलेलं भरीव बीही दगडासारखं तळाला जातं. हे इतक्या लोकांना इतक्या वेळा सांगितलंय की आता आवाज आपोआप चढतो.

नियमाने कांद्याचा नमुना 80 ग्रॅमचा लागतो, तिच्याकडे तेवढा नव्हता. पण शुद्धता काढायची नव्हती, ओलावा आणि उगवणच हवी होती, म्हणून घेतला.

ओलावा आधी केला. कांद्याचं बी दळावं लागत नाही, अख्खंच चालतं. वजन करून 103 अंशाच्या ओव्हनमध्ये 17 तास, मग डेसिकेटरमध्ये, म्हणजे आतली हवा कोरडी ठेवणाऱ्या बंद भांड्यात, गार करून पुन्हा वजन. फ्रिजमधलं 11.6 टक्के निघालं, आत्याबाईंचं 6.3. कांदा बियाण्याचं ठरलेलं मानक साध्या पिशवीत 8 टक्के आणि हवाबंद डब्यात 6 टक्के ओलावा मागतो. कोठीमागच्या पत्र्याच्या डब्याने हवाबंद पाकिटाचा आकडा जवळपास गाठला होता. मी वजन परत केलं. तेच आलं.

उगवणीला प्रत्येकी 400 बिया, शंभराच्या चार वाट्या, ओल्या शोषकागदावर, 20 अंशाला. पहिली मोजणी सहाव्या दिवशी, शेवटची बाराव्या. आमच्या उगवण कक्षाचा कॉम्प्रेसर जुना आहे आणि वीज गेली की जनरेटर सुरू होईपर्यंत पारा चढतो, म्हणून मी त्या वाट्या दाराच्या बाजूला न ठेवता आतल्या मधल्या फळीवर ठेवल्या. हे कुठल्याही नियमावलीत नाही, पण आमच्याकडे ज्याला आपल्या आकड्याची काळजी आहे तो हे करतो. बाकीचे दाराशीच ठेवतात.

मोजणी म्हणजे मोड आला की एक रेघ, असं बाहेरच्यांना वाटतं. तसं नाही. आम्ही अंकुर नव्हे, रोप मोजतो, आणि ते रोप 'सामान्य' आहे की नाही हे डोळ्याने ठरवायचं असतं. कांद्याचं बीजदल, म्हणजे बियातलं पहिलं पान, उगवताना दुमडून वर येतं, त्या दुमडीला आम्ही गुडघा म्हणतो. गुडघा ठसठशीत हवा, नुसता बाक चालत नाही. मूळ आखूड राहिलेलं किंवा टोकाला काळपट झालेलं नको. जुन्या बियात सगळी गंमत इथेच असते. बी जिवंत असतं, मोड येतो, पण रोप गुडघा नीट वळवत नाही, अळीसारखं लोळत राहतं. ते असामान्य म्हणून बाजूला जातं. शंकेच्या रोपांना मी भिंगाखाली घेते. सहकारी हसतात. एकाचं म्हणणं असं की शेतकऱ्याच्या सेवा नमुन्याला एवढं कशाला, तो कोर्टात थोडाच जाणार आहे. मला वाटतं, त्याच्याच नमुन्याला करायला हवं. कंपनी दुसरा लॉट काढते, याच्याकडे दुसरा डबा नसतो.

फ्रिजमधलं 19 टक्के. आत्याबाईंचं 66.

कांद्याला किमान उगवण 70 लागते. म्हणजे कागदावर दोन्ही नापास, एकाच रकान्यात, एकाच शब्दात. तो अहवाल टाइप करताना मला जरा कसंतरीच झालं. कांद्याचं बी हे भाज्यांच्या सगळ्यात अल्पायुषी बियांपैकी एक. उघड्या गोणीत, पावसाळी हवेत ते वर्षभरातच हात टेकतं. मराठवाड्याचे दोन उन्हाळे आणि तीन पावसाळे काढून शंभरातलं सहासष्ट उभं राहणं ही साधी गोष्ट नाही, आणि हे सांगायला आमच्या अहवालात जागा नाही.

ती अहवाल घ्यायला आली तेव्हा मी तिला टेबलाशी बसवलं. फ्रिजवर तिचा फार विश्वास होता, त्यामुळे ती आकड्याकडे बघून गप्पच झाली. मी सांगितलं, अमेरिकन बीजशास्त्रज्ञ हॅरिंग्टन यांचा एक ढोबळ हिशेब आहे: बियातला ओलावा एक टक्क्याने उतरला की आयुष्य दुप्पट, साठवणीचं तापमान 5 अंशांनी उतरलं की तेही दुप्पट. दिल्लीच्या राष्ट्रीय जनुकपेढीत बी उणे 18 अंशाला ठेवतात, पण त्याआधी ते वाळवून अॅल्युमिनियमच्या पाकिटात सील करतात. वाळवणं आधी, थंडी नंतर. लोकांच्या मोबाइलमध्ये फक्त थंडी पोचली आहे. घरचा फ्रिज आतून दमट असतो. सैल झाकणाच्या डब्यातलं बी तो ओलावा पीत बसतं. वर थंड डबा बाहेर काढून लगेच उघडला की हवेतलं पाणी थेट बियावर धरतं.

"डबा रोजच हलायचा," ती म्हणाली. "कोथिंबिरीच्या शेजारी होता. पोरं आइसक्रीम शोधताना तोच उघडायची."

मग उठता उठता सहज बोलल्यासारखं, "आणि गेल्या उन्हाळ्यात फ्रिज बंद होता ना महिना-दीड महिना. मेकॅनिक यायचा नाही. डबा आतच राहिला."

मी कपाळाला हात लावला. 11.6 टक्के ओलावा आणि बंद फ्रिजच्या पेटीत मे महिन्याची उष्णता, म्हणजे कांद्याच्या बियाला मारायला मुद्दाम केलेला प्रयोगच. इथेच माझं अडलंय. आमच्या लिपिकाने तोवर अख्ख्या कार्यालयात 'आजीची राख जिंकली' असं पसरवलं होतं, आणि लोकांना ते फार आवडतंही. पण जिंकलं काय? राख? जास्तीचं तीन-चार दिवसांचं ऊन? मेण? की डबा कोठीमागे सापडतच नव्हता म्हणून कोणी उघडला नाही, हे? त्या फ्रिजमध्ये बी नीट वाळवून, रबराच्या कडीच्या काचेच्या बरणीत घातलं असतं तर कदाचित आत्याबाईंच्या पुढे गेलं असतं. राख ओलावा शोषते हे खरं, पण चुलीतली ताजी, गरम असतानाच भरलेली. उघड्यावर पडलेली राख स्वतःच हवेतला दमटपणा पिऊन बसलेली असते. सासूबाईंनी कोणती भरली होती, हे सुनेला आठवत नव्हतं.

अधिकृतपणे मी तिला इतकंच सांगू शकत होते की अहवाल फक्त आलेल्या नमुन्यापुरता आहे. अनधिकृतपणे सांगितलं: आत्याबाईंचं बी पेर, एकराला तीन किलो टाकतेस तिथे साडेतीन-चार टाक, विरळ आलं तरी घाबरू नकोस. फ्रिजमधलं कोंबड्यांना. आणि यातलं कुणा शेजाऱ्याला विकू नकोस, अहवालाचा कागद दाखवून तर मुळीच नको.

तिने मान डोलावली आणि विचारलं, उरलेलं बी परत मिळेल का. मिळत नाही, नमुन्याचा शिल्लक भाग ठरावीक काळ जपून ठेवावा लागतो. तिला ते अजिबात पटलं नाही. मूठभर का होईना, पेरायचं बी कपाटात कुलपात ठेवायचं म्हणजे काय?

नोव्हेंबरात तिचा फोन आला. रोप विरळ पण चांगलं आहे. आत्याबाईंना 66 चा अर्थ समजावून सांगितला तर त्या म्हणाल्या, चारशे बिया कागदावर उगवून फेकून देणारी ही कसली बाई. मी तिच्याकडे यंदाच्या उन्हाळ्यातलं पावशेर ताजं बी मागितलंय. चार सारख्या बरण्या करायच्या आहेत: राख घालून आणि न घालता, फ्रिजमध्ये आणि फळीवर, चारही एकाच ओलाव्याला आणून. ती देते म्हणालीये, पण सासूबाई झोपल्यावर काढावं लागेल.