इराणी चहा घरी का फसतो?

आज रविवार, पुण्यातल्या कॅफे गुडलकसमोर नेहमीची रांग. हुसेन अली याक्षी या इराणी गृहस्थांनी १९३५ साली डेक्कनवर हे कॅफे काढलं. आता अख्खा चौक त्याच नावाने ओळखला जातो.

बनमस्का घरी जमतो. चहा फसतो, कारण आपण दूध आणि चहा पावडर एकत्र खळाखळा उकळतो. इराणी पद्धतीत २ कप पाण्यात ४ चमचे चहा पावडर आणि साखर, घट्ट झाकण, अगदी मंद आचेवर २० मिनिटं. आच वाढली की कडवटपणा आलाच. अर्धा लिटर म्हशीचं दूध वेगळ्या पातेल्यात पाऊणपट होईपर्यंत आटवायचं, सतत ढवळत. नाहीतर साय धरते आणि कपात गुठळ्या तरंगतात. आधी दूध, वरून कोरा चहा, निम्मं-निम्मं.

आलं-वेलची घातलीत तर तो ‘अमृततुल्य’ दुकानांतला चहा झाला. तोही उत्तमच, पण वेगळा!