वाळूखालचं पाणी: नेब्रास्काचे सँडहिल्स

अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यात, सँडहिल्स या वाळूच्या टेकड्यांच्या मुलखात, मलेन गावाहून हायवे 97 उत्तरेकडे धरला, की व्हॅलेंटाइनपर्यंत सुमारे 120 किलोमीटर वाटेत गाव नाही. पेट्रोल मलेनलाच भरून घ्या. फोनला भरवशाची रेंज नसते, म्हणून नकाशा आधीच उतरवून ठेवा. घड्याळही सांभाळायचं: मलेनला माउंटन टाइम, पूर्वेकडच्या थेडफर्डला एक तास पुढे.

दोन्हीकडे गवताचे डोंगर, पण आत नुसती वाळू. काही टेकड्या 120 मीटर उंच आहेत आणि त्यांना धरून ठेवलंय ते गवताच्या मुळांनीच. गुरांनी एकाच जागी चरून ती उघडी पाडली की वारा शिरतो आणि उतारावर पांढरं भगदाड पडतं. इथे त्याला ब्लोआउट म्हणतात. 1904 च्या किंकेड कायद्याने इथे कुटुंबामागे 640 एकर जमीन दिली. ज्यांनी नांगर घातला त्यांची वाळू उडाली. टिकली ती गुरं.

पाऊस जेमतेम, तरी नद्या आटत नाहीत, कारण पडलेलं पाणी वाळू जागच्या जागी पिऊन टाकते. आपल्या दख्खनच्या कातळावरून ते वाहून जातं, इथे थेट खालच्या ओगल्लाला जलसाठ्यात उतरतं. तो इतका वर आहे की सखल जागी तळीच होतात.

गुरांसाठी मात्र ते वर काढावं लागतं. पवनचक्कीचं चाक फिरलं की गिअरपेटी लांब रॉड वरखाली करते, बोअरमधल्या सिलिंडरात पिस्टन हलतो आणि पाइपातून ठेक्यात, थांबून थांबून पाणी हौदात पडतं. पिस्टनचे चामडी वॉशर बारीक वाळूने झिजतात. चाक जोरात फिरतंय आणि धार बारीक, तर दोष बहुधा तिथेच. गिअरपेटीचं तेल वर्षाला एकदा बदलायचं. हौदाचं जादा पाणी पाइपाने लांब सोडलं नाही, तर खुरांनी भोवती नुसता चिखल होतो.

मलेनच्या दक्षिणेला डिस्मल नदी. कनू (वल्ह्याची अरुंद होडी) घालायची तर जपून: पात्र अरुंद, ओढ जबर, वळणावर आडवी पडलेली सीडारची झाडं आणि पाण्यावर ताणलेल्या काटेरी तारा. तार दिसताच काठ धरा, कनू उचलून वळसा घाला. काठ खाजगी आहेत, तिथे मुक्काम विचारूनच. फाटक उघडं दिसलं तर उघडं, बंद दिसलं तर बंद ठेवायचं. नदीकाठी एक झरा आहे, त्याच्या तळाशी पांढरी वाळू उकळत्या भातासारखी सतत वर येत असते. हात घातला की पाणी थंडगार लागतं.